लग्नाआधी काढलेले दात

जॉनी कवळ्या करायचा. अंधेरी स्टेशनाजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे घासायचा. मरोळच्या आमच्या गावठाणात परतला की कपड्यांवर तीच पांढरी भुकटी आणि तोंडात कायम एक लवंग. त्याच्याकडे दातांच्या गोष्टी फार. पूर्वी विलायतेत श्रीमंत लोक गरिबांचे दात विकत घेत आणि ताजे उपटून स्वतःच्या हिरडीत बसवून घेत. लढाई संपली की मेलेल्या शिपायांचे दात काढून त्यांच्या कवळ्या करत. मी शाळेत गणित शिकवायची. ऐकीव गोष्टींवर सहसा विश्वास ठेवत नसे. त्याच्यावर ठेवला.

१९६७ साली आमचं लग्न ठरलं, तेव्हा म्हणाला, "एथेल, तिकडे विलायतेत पोरीचे सगळे दात लग्नाआधीच काढतात गो. जन्माची कटकट जाते. तुझी कवळी मी माझ्या हातानं करीन."

माझा एकही दात किडलेला नव्हता. पण आमच्या लोकांना साहेबाच्या रीतीचं भारी कौतुक. आईने तर शेजारणींना अभिमानाने सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला बँड वाजत निघाला, घरात फुग्यांचा, आमच्या गोल तळलेल्या पावांचा, घाणा तळला जात होता, आणि नवरी सुजलेल्या तोंडाने पेज पीत होती. दातांचं काय केलंस, विचारलं तर म्हणाला, फेकले.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मग एका सकाळी तोंडात मिशेरीची चव आली. मी आयुष्यात मिशेरी लावलेली नाही. कवळी काढून धुतली, चुळा भरल्या, तरी ती कडवट, भाजक्या तंबाखूची चव जाईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी भर वर्गात, फळ्याकडे तोंड असताना, कैरीने दात आंबायचे. दात नव्हतेच, तरी आंबायचे. डॉक्टर म्हणाले, हिरडीतल्या नसा फसवतात. मला ते पटलं.

गुड फ्रायडेला मी निरंकार उपास धरून देवळात बसले होते. जॉनी दहिसरला गेला होता; तिथल्या म्हाताऱ्याची कवळी टोचते म्हणे. पाद्री वाचत होते आणि माझ्या तोंडात आधी मिशेरी आली. मग लवंग.

पाठोपाठ माझ्या मिटलेल्या ओठांवर कुणाचे तरी ओठ दाबले गेले.

सोमवारी जॉनीच्या डॉक्टरांना त्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "दहिसरला आपला पेशंटच नाही."

त्याच दुपारी मी दहिसरला गेले. गावठाणात कवळीवाला जॉनी म्हटल्यावर लोकांनी लगेच घर दाखवलं. तिथेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यावर माझ्याच वयाची बाई सुकट निवडत होती. नाव ल्युसी. जॉनीकडून कवळी करून घ्यायचीय, अशी थाप मारली. ती हसली.

समोरच्या दोन दातांत फट, शेजारचा सुळा जरा वाकडा. अठ्ठावीस वर्षं आरशात पाहिलेले माझे दात.

"छान बसलीय," मी म्हटलं.

"खऱ्या दातांची हाय," ती म्हणाली. "त्याच्या बायकोचे. मेली ना बिचारी. मला आधी भ्या वाटला. तर म्हणतो, विलायतेत मेलेल्यांच्याच दातांच्या करतात." मग सुकट बाजूला सारून हळूच म्हणाली, "पावसाळा सरला का आमचं लगीन."

तिने एक सुकट तोंडात टाकली. खारट चव मला आली.

मी कोण ते तिला सांगितलं नाही. जॉनीलाही काही विचारलं नाही. राग एवढा होता की उघडायला तोंडच पुरलं नसतं. आपल्या नवऱ्याने आपल्याला जिवंतपणी मारलं, आणि वर दुसरीकडून सहानुभूतीही घेतली! रोज त्याला वाढत होते आणि मिशेरीची चव गिळत होते.

जुलैत चार दिवस काहीच चव आली नाही. कडू औषध तेवढं आलं. पाचव्या दिवशी तेही थांबलं.

त्या दिवशी संध्याकाळी जॉनी लवकर आला. काळी पँट, बुटांना चिखल. ताटावर बसला. माझी कवळी वाटीत पाण्यात होती.

तेवढ्यात तोंडात माती आली. ओली, थंड. जिभेवर, टाळ्याला, घशापर्यंत.

"कुणी गेलं का रे?" मी कसंबसं विचारलं.

"कोण जाणार?" तो म्हणाला आणि घास घेतला.

मी तोंड मिटून घेतलं. हिरड्या एकमेकींना लागल्याही नव्हत्या. तरी आत, त्या मातीत, दात हलले. थांबले. मग सावकाश, करकरत, एकमेकांवर घासू लागले.

जॉनीचा हात ताटातच राहिला. त्याने मान वर केली.

"काय चावतेस गो एवढं?" तो म्हणाला.