निळ्याला ऊन दाखवताना

दोन मिनिटं चहाला काय गेले, परत येते तर एक उंच, चष्मेवाला परका माणूस माझ्या लोकरीच्या कपाटात हात घालून उभा! निळे गुंडे सगळे एकाच खणात कोंबलेले. माझी पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात.

"अहो, काय चाललंय हे?"

"आवराआवर. एकाच रंगाला सहा खण कशाला?" तो हसला. गालाला खळी पडली... आणि मी आणखीच चिडले.

विणकाम-भरतकामाच्या सामानाची आमच्या मालकांची चाळीस दुकानं एका गुंतवणूक कंपनीनं विकत घेतली होती. कोणती ठेवायची, कोणती बंद करायची, हे बघायला तिनं माणसं पाठवली होती. हा त्यातलाच. सहा वर्षं जीव लावून सांभाळलेलं माझं दुकान आता ह्याच्या अहवालावर!

मी त्याचा हात — हो, चक्क हातच — धरून त्याला खिडकीशी नेलं. दोन गुंडे उन्हात शेजारी धरले.

"आता बघा."

"...वेगळे आहेत."

"रंग एकच, पण लोकर वेगवेगळ्या दिवशी रंगवलेली. दिव्याखाली कळत नाही. अर्धा स्वेटर विणून झाल्यावर कळतं, मग बाई सगळं उसवते आणि माझा उद्धार करते."

"मग आता?"

"आता निस्तरा. तुम्हीच."

तीन दुपारी आम्ही खिडकीत बसून निळे निवडले. ऊन सरकेल तसे आम्हीही सरकायचो. बोटांना बोटं लागायची... दोघंही गुंड्याकडेच बघत राहायचो. "हा तुमच्या ओढणीच्या जवळचा," तो पुटपुटायचा. "काम करा," मी म्हणायचे. मनात मात्र वाटायचं, हे ऊन जाऊच नये.

चौथ्या दिवशी तो बसलाच नाही.

"हे दुकान ठेवा, असं लिहिलं होतं मी. त्यांनी ऐकलं नाही. महिनाअखेरीस बंद. पत्र उद्या येईल... म्हटलं, आधी मीच सांगावं."

माझे डोळे भरून आले. तो खिसे चाचपत रुमाल शोधू लागला, तो काही सापडेना.

"आणि तुम्ही?"

"मला पुढचं दुकान दिलं होतं, बंद करायला. नाही म्हणालो. सकाळीच राजीनामा दिला."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"हो... तीन दिवस झाले. तुम्ही मला फार आवडता."

दुकान जाणार म्हणून मी रडतच होते, आणि रडता रडता मला हसू फुटलं.

"आई विचारेल, मुलगा काय करतो?"

"काय सांगाल?"

"सांगेन, सध्या काहीच नाही. मीही नाही. पण मला हाच हवाय."