गोदामामागची कलिंगडं

"गांडुळं गेली तरी कुठे?" इलिंकाने पुन्हा फावडं मारलं.

"सुट्टीवर! आपल्यासारखी!" तुडोर म्हणाला. धाकटी सावेता खो खो हसली.

दर उन्हाळ्यात ही तिन्ही चुलत भावंडं मोल्दोवातल्या त्या खेड्यात आजोबांकडे जमत. अक्रोडाची सावली, विहिरीचं गारेगार पाणी आणि दिवसभर मासेमारी! पण आज गळाला लावायला गांडूळच मिळेना. सामुदायिक शेतीच्या जुन्या गोदामामागे कलिंगडांचा मळा होता. तिथल्या मातीत ना गांडूळ, ना मुंगी! नुसता उग्र, गोडसर वास. पूर्वी त्या सामुदायिक शेतीत राबलेले आजोबा त्याला 'आमच्या तरुणपणाचा वास' म्हणत.

"ए कार्ट्यांनो! खणू नका तिथे!" मळेवाले पांतेलेई काका धावत आले. "चला, पळा!"

"एवढे का चिडले?" सावेताने विचारलं.

इलिंका थबकली. "काल त्यांनी घरी खायला कलिंगड आपल्या आजोबांकडून नेलं. स्वतःचा एवढा मळा असताना!"

"आणि उद्या ही सगळी कलिंगडं बाजारात जाणार!" तुडोरचे डोळे विस्फारले.

संध्याकाळी विहिरीपाशी सगळं गाव गप्पा मारत बसलं होतं. इलिंकाने आजोबांच्या परसातलं एक कलिंगड कापलं.

"काका, तुमच्या गोदामामागचं! पहिली फोड तुम्हाला!"

पांतेलेई काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको... पोट बरं नाही."

"मग मी खाते!" सावेताने फोड तोंडाशी नेली.

"टाक ती, पोरी!" काका ओरडलेच. मग मटकन खाली बसले. "गोदामातली जुनी कीटकनाशकाची पोती मी तिथेच पुरली. वाटलं, माती जिरवून टाकेल सगळं."

"हे आमच्या परसातलं आहे, काका," इलिंका हळूच म्हणाली.

कलिंगडं बाजारात गेलीच नाहीत. शहरातून तपासनीस आले, मातीचे नमुने घेतले. विष मातीतून वेलींत चढलं होतं. मळ्याला कुंपण पडलं. ती माती सुधारायला बरीच वर्षं लागतील, असं ते म्हणाले.

त्या रात्री आजोबांनी तिघांना मोठ्यांच्या टेबलाशी बसवलं आणि मोठ्यांच्याच पेल्यांत द्राक्षांचा रस ओतला.

"तोच वास आम्ही वर्षानुवर्षं कौतुकाने हुंगत आलो," ते म्हणाले. "विचारलं मात्र तुम्ही. शाबास!"

पुढे इलिंकाने कितीतरी मेजवान्या पाहिल्या. पण त्या पेल्यातल्या रसाची गोडी तिला पुन्हा कुठेच मिळाली नाही.