खळग्यातले तीन ठोके

"बाई, माझ्या नवऱ्याला थांबवा," नेल व्हिचर दारातूनच म्हणाली. "तो तीन वर्षांपूर्वी मेलाय."

बार्नीने हातातली चहाची किटली घाईघाईने टेबलावर ठेवली. आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेला हा गडी खासगी गुप्तहेर एडिथ गॅट्रेलच्या कचेरीत मदतनीस होता. चोराला भीत नसे, पण भुताचं नाव काढलं की त्याचं धाबं दणाणायचं.

एडिथने शांतपणे खुर्ची पुढे सरकवली. "बसा. कसा मेला?"

"आमच्या रानातल्या खळग्यात. वादळात ओकची फांदी अंगावर पडली. तेव्हापासून दर पानगळीला तिथून तीन ठोके ऐकू येतात. जेम लोखंडी बादलीवर नाल आपटून घोड्यांना बोलवायचा, अगदी तसेच. ठोके सुरू झाले की माझ्या घोड्यांची पोटं बिघडतात आणि एक घोडी जाते. चारही त्यानं वाढवलेल्या. तीन गेल्या. चौथी, टॅन्सी, कालपासून तळमळतेय. गाभण आहे हो ती!"

"बाकीच्यांची घोडी?"

"ठणठणीत! सगळ्यांची रानात मोकळीच चरतात; रान तेच, गवत तेच. तो फक्त स्वतःची घेऊन चाललाय." नेलने शालीचं टोक घट्ट धरलं. "टॅन्सी गेली की त्याची म्हणून मी एकटीच उरते."

दुपारी तिघं तबेल्यात पोचली. बाहेर धुकं दाटलं होतं. टॅन्सी मान खाली घालून उभी होती; मधूनच वळून स्वतःच्या कुशीकडे बघायची, मागचा पाय पोटावर मारायची. जनावरांचे डॉक्टर तेल पाजून गेले होते. शेजारच्या गाळ्यात जेमच्या पाठीमागे विकत घेतलेली तपकिरी शिंगी, एक तरणी घोडी, मजेत गवत चघळत होती.

एडिथने काडीने टॅन्सीची लीद फोडली. गोटीसारखी कडक, आणि आत सालांचे तुकडे.

"ओकची बोंडं, त्या झाडाची टणक फळं," ती म्हणाली.

"छे! बोंडं घोड्याला विष, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं," नेल फणकारली. "म्हणून तर पानगळीत रानात डुकरं सोडतात. सॉल बडेनची डुकरं सगळं झाडून खातात. एक बोंड उरत नाही."

"आणि ती बादली?"

"सासूबाईंनी मागून नेली, कोंबड्यांना दाणा घालायला. मी घोड्यांना शीळ घालते."

सॉल बडेन रानाच्या तोंडाशीच भेटला. गळ्यात शिंग, भोवती दहाबारा गलेलठ्ठ डुकरं.

"आलात? गावानं धाडलं असेल माझ्याकडे," तो गुरगुरला. "जेमशी माझं भांडण होतं, मान्य. ओढ्याजवळ घोड्या मेलेल्या सापडल्या की म्हणे सॉलनं पाण्यात विष कालवलं! अहो, त्याच ओढ्याचं पाणी माझी डुकरं पितात."

"त्यांना बादली वाजवून बोलावता?"

"डुकरांना? हे शिंग फुंकतो की. सकाळी साताला सोडतो, अंधार पडायच्या आत गोळा करतो."

"खळग्यातही जातात?"

सॉलने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगू नका. तीन वर्षं झाली, गेली नाहीत. तोंडाशी पोचतात न पोचतात तोच जीव घेऊन पळत सुटतात. मुक्या जनावराला दिसतं ते आपल्याला दिसत नाही, बाई. मीही पाऊल टाकत नाही तिकडे. गावात बोललो तर म्हणतील, बघा, जेम यालाच शोधतोय."

बार्नीने मफलर नाकापर्यंत ओढला.

कॅप्टन क्राउच, आरमारातून निवृत्त झालेले गृहस्थ, रानालगतच्या आपल्या बागेच्या कुंपणापाशी काठी घेऊन उभे होते. "मेल्या त्या घोड्या? बरं झालं! माझा कोबी फस्त केला होता त्यांनी."

"म्हणून मारलंत?"

"मी? कोबीसाठी फार तर शिव्या देतो, मॅडम. ते ठोके मात्र ऐकतो. सकाळी सातनंतर, घड्याळ लावावं असे. फक्त रविवारी नाहीत."

"भूत रविवारी सुट्टी घेतं?" बार्नी पुटपुटला.

"भुताला विचारा!" म्हणत कॅप्टननी फाटक आपटलं.

जेमची आई कझाया खळग्याच्या काठावरच्या झोपडीत एकटीच राहायची. कान जवळजवळ गेलेले. ती ओच्यातून मूठमूठ दाणे कोंबड्यांना टाकत होती. दाराशी बादली उपडी होती, बुडाला जागोजागी पोचे पडलेले.

"दिवसभर एकट्याच?" एडिथने कानाशी ओरडून विचारलं.

"चॅपलमधल्या प्रार्थनेचा वार सोडला तर कुठे जायचं आता?" म्हातारीने बार्नीच्या हातात सफरचंदाच्या केकचा तुकडा ठेवला. "माझा जेम असाच गोड खायचा रे बाबा." तिचे डोळे भरून आले. बार्नीने तिच्यादेखत सगळा तुकडा खाल्ला.

मग खळगा. नेल काठावरच थांबली. आत धुकं इतकं की समोरचा ओकही भुतासारखा उभा. गवताचं पातं नाही. पायाखाली बोंडांचा घोट्यापर्यंत थर, चालताना कडाकडा फुटत होता. बार्नी मनातल्या मनात येईल ती प्रार्थना म्हणत होता.

"डुकराच्या नाकानं उकरलेली एकही जागा दिसते?" एडिथने विचारलं.

"नाही."

"आणि हे?" मऊ मातीत नालाशिवायचे खुरांचे ठसे होते. "गवत नसलेल्या जागी घोडी कशाला येईल, बार्नी?"

"बोलावल्याशिवाय येणार नाही," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला.

चार वाजता एडिथने सगळ्यांना तबेल्यात बोलावलं. सॉल आला, कॅप्टनही कुरकुरत आले, कझायाला बार्नी हात धरून घेऊन आला. एडिथच्या हातात ती बादली होती. तिने बुडावर नाल आपटला. एक. दोन. तीन.

मान टाकून उभी असलेली टॅन्सी ताडकन सावध झाली. कान टवकारून, दुखतं पोट विसरून ती दाराशी आली आणि खिंकाळली. शेजारची शिंगी गवत चघळतच राहिली.

नेल पांढरीफटक पडली.

"हे ठोके वाजवायला भूत नाही, हात लागतात," एडिथ म्हणाली. "हिवाळ्यात या ठोक्यांवर जेम वैरण घालायचा. ही हाक फक्त त्याच्या चार घोड्यांना ठाऊक. दूर रानातून त्या धावत यायच्या. वैरण नाही, बोंडांची रास समोर. एकदा चटक लागली की घोडं थांबत नाही. मग पोट दुखतं, तहान लागते, म्हणून ओढ्याकाठी मरायच्या. ज्या घोडीनं जास्त खाल्लं ती जायची."

"पण वाजवतं कोण?" सॉलने विचारलं.

"तुमची डुकरं भुताला घाबरली नाहीत. कुणीतरी त्यांना हाकलत होतं. सात वाजता, डुकरं खळग्याशी आली की. रविवारी नाही, कारण ती व्यक्ती चॅपलला जाते; पण धास्तावलेली डुकरं त्या दिवशीही आत शिरत नाहीत. कोंबड्यांसाठी म्हणून बादली नेली, पण दाणे ओच्यातून घालते." तिचा आवाज खाली आला. "कझायाबाई."

बार्नीने ते म्हातारीच्या कानात सांगितलं, सगळं, सावकाश. 

"हो, हाकलते मी!" कझाया ओरडली. "माझ्या लेकाचं रक्त सांडलंय त्या मातीत. तिथं डुकरांनी तोंड घालायचं? तो वाजवायचा तशी वाजवते, डुकरं गेली की घरी येते. पण घोड्या... तिथं चरायला काय आहे? मला कधी दिसल्या नाहीत गं!" ती मटकन वैरणीवर बसली. "लहानपणी रांगत तबेल्यात जायचा तो. त्याची जनावरं मी मारली?"

कॅप्टननी टोपी काढून हातात धरली.

"म्हणजे जेम नव्हता?" नेलने विचारलं.

"नव्हता," एडिथ म्हणाली.

"मला वाटलं तुम्हाला कळलं असेल मी का आले. भीती वाटत होती, खरं आहे. पण रोज सकाळी ठोके झाले की मी दार उघडून उभी राहायचे. म्हणायचे, घोड्यांना नेतोस, मला कधी बोलावशील रे?" नेलचा चेहरा वेडावाकडा झाला. "एवढं तरी होतं. आता तेही नाही."



नेलने डोळे पुसले. ती म्हातारीजवळ गेली, गुडघे टेकून तिच्या कानाशी तोंड नेलं. "आई, उद्या सॉल डुकरं खळग्यात घालेल. टॅन्सीच्या पोटातलं शिंगरू वाचायला हवं. आपण दोघी तिथं बसू. सगळं खाऊन होईपर्यंत."

"मला बघवणार नाही, पोरी."

"मलाही नाही. म्हणून तर दोघींनी जायचं."

डॉक्टर रात्री पुन्हा येऊन गेले. टॅन्सी जगेल, पण शिंगराचं आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले.

सकाळी सॉलने शिंग फुंकलं. डुकरं खळग्याच्या तोंडाशी थबकली, अंदाज घेतला आणि आत घुसली. बोंडं फुटल्याचा आवाज काठावर बसलेल्या सासूसुनांपर्यंत येत होता. कझायाला तो ऐकू येत नव्हता, पण ती सुनेच्या तोंडाकडे बघत होती, आणि सून रडायला लागली तेव्हा तिने तिला जवळ ओढलं.