मोजणीतला खाडा

जाळी उचलायची, मासे मोजायचे, पाणी तपासायचं आणि जेवायच्या वेळेला घरी परतायचं! मोहीम म्हणाल तर एवढीच. पण सूनबाईसाठी वर्षातलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. नदीकाठच्या पूरमैदानात, जंगलाला लागून एक लांबट तळं होतं. पूर आला की नदी एका अरुंद खिंडारातून आत शिरायची आणि पूर उतरला की त्याच वाटेनं बाहेर पडायची. त्या तळ्यातले मासे दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी, त्याच जाळ्यांनी मोजायचे, हा नेम सासऱ्यांनी घालून दिला होता आणि निवृत्त होताना सूनबाईच्या हाती सोपवला होता. वीस वर्षांत एकही खाडा नाही! त्या मोजणीपायी सासरेबुवा मुलाच्या लग्नाला चिखलाच्या बुटांनी, ऐन वेळेला पोहोचले होते, आणि ते सूनबाई अजून विसरलेली नव्हती.

यंदाची मोजणी तर सोन्याच्या मोलाची. फार वर्षांनी मोठा पूर आला होता. अशा पुरानं मासे वाढतात की घटतात, हे याच आकड्यांवरून कळणार होतं.

होडीत तिघं होती. पुढे सूनबाई, मागे इंजिनाशी तिचा धाकटा दीर, आणि मधल्या फळीवर 'मी मधे बोलणार नाही' अशी शपथ घेऊन आलेले बाबा, म्हणजे सासरेबुवा. घर सोडल्यापासून ते एक मिनिट गप्प बसले नव्हते.

"मीटर तपासलास?"

"तपासला, बाबा."

"मोजपट्टी?"

"बाबा, तुम्ही निवृत्त झालात ना?" दिरानं विचारलं.

"नोकरीतून झालोय. अक्कल अजून शाबूत आहे!"

होडी खिंडार चढून तळ्यात शिरली.

पाणी काळं झालं होतं! फार वेळ उकळलेल्या चहासारखं काळं, आणि वर कुजक्या पाल्याचा नाकात जाणारा वास. बोटाएवढे मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. सूनबाईनं घाईघाईनं मीटर बुडवला. पाण्यातला प्राणवायू पाचावर असला की मासा खुशाल, दोनच्या खाली गेला की जीव गुदमरतो. आकडा खाली खाली आला आणि दीडवर थांबला.

"काल संध्याकाळी आकडा सहा होता हो!" ती म्हणाली.

काय झालं ते बाबांना लगेच उमगलं. रात्रीत पूर ओसरायला लागला होता आणि जंगलात आठवडाभर सडलेलं पाणी तळ्यात उतरलं होतं. मोकळे मासे खिंडाराकडे पळाले असणार. पण तिनं काल लावलेल्या चार जाळ्यांत जे शिरले, ते जाणार कुठे? नळीसारखी लांबट जाळी ती. आत गेलेला मासा माघारी फिरत नाही.

पहिल्या जाळ्याचं टोक वर आलं. खच्चून भरलेलं! वीस वर्षांत इतके मासे कोणी पाहिले नव्हते. आणि सगळे धापा टाकत होते.

"काढ मोजपट्टी!" बाबा उठलेच. "चटचट मोजू!"

"दोन तास लागतील, बाबा. तोवर एकही जगायचा नाही."

"मग मोज थोडे, सोड बाकीचे."

"कुठे सोडू? खिंडारापर्यंत अर्धा मैल हेच पाणी आहे." तिनं ओठ चावला. "जाळ्यांसकट नदीवर ओढून न्यायचे."

"ओढलीस की मोजणी गेली! वाटेत निम्मे निसटतील, भलतेच शिरतील. तो आकडा खोटा ठरेल."

"माहितीये."

"वीस वर्षं, सूनबाई."

हा माणूस तिला बापासारखा होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं काम मोडायची पाळी तिच्यावर आली होती.

"मी मासे मोजायला आलेय, बाबा, मारायला नाही. भाऊजी, दोर मागच्या कडीला बांधा!"

बाबा मागे सरकले आणि दोर धरून बसले.

इंजिन घुरघुरलं. एकेक करून दोराला बांधलेली चारही जाळी पाण्याखालून हळूहळू ओढली जाऊ लागली, कारण जोरात ओढलं तर आतले मासे चेंगरले असते. निम्मी वाट सरली आणि फाटकन इंजिन बंद पडलं. पंख्यात पाणगवत!

"वल्ही घ्या!" दीर ओरडला. बाबांनी न सांगता एक वल्हं उचललं.

हात भरून आले. पाठी मोडल्या. मग एकाएकी होडी आपोआप सुटली. खिंडार! तळ्याचं सगळं पाणी तिथून नदीकडे धावत होतं. काठालगत वळून संथ पाण्यात शिरलं नाही, तर भरल्या नदीत वाहून जाणार!

"डावीकडे! डावीकडे!" बाबा ओरडले.

धाडकन हिसका बसला. जाळी बुडालेल्या झाडात अडकली होती. दोर ताणला, होडीची मागची बाजू खाली दबली आणि पाणी भसाभसा आत आलं.

"वहिनी, दोर कापतो!" दिरानं कोयता उपसला.

"थांबा!"

लाइफ जॅकेटचा पट्टा आवळून तिनं उडी मारली. दोराला धरून ती झाडापाशी गेली. हात आत घातला. अडकलेली फांदी लागली. ओढली. नाही. पाय झाडाला लावून पुन्हा ओढली. कडाड! जाळी सुटली आणि तिच्यासकट वाहू लागली.

"धर!" बाबांनी वल्हं पुढे केलं. तिनं ते पकडलं. दिरानं जीव खाऊन होडी वळवली, आणि तिघं गरकन फिरून काठाच्या संथ पाण्यात येऊन पडली.

होडीत चढून तिनं मीटर बुडवला. तीन. चार. साडेपाच!

बाबा कंबरभर पाण्यात उतरले आणि पहिल्या जाळ्याचं टोक सोडलं. काही मासे पोट वर करून तरंगत आले. बाकीचे नुसते पडून होते. मग एकानं शेपूट हलवलं. दुसरा वळला. आणि बघता बघता रांग लागली!

"नऊ... दहा... अकरा..." सवयीनं बाबा पुटपुटायला लागले. तेवढ्यात एक मोठा घोळका त्यांच्या पायांमधून सळसळत गेला. ते थांबले.

"चुकलो," ते म्हणाले आणि ओल्या बाहीनं डोळे पुसत हसले.

दुसरं जाळं रिकामं झालं, तिसरंही झालं.

"वहीतला यंदाचा रकाना कोरा ठेव," बाबा हळूच म्हणाले. "कोणी विचारलं तर सांग, मी सांगितलं म्हणून."

"नाही, बाबा. मी ठरवलं म्हणून."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग चौथ्या जाळ्याच्या गाठीवर हात ठेवून थांबले. या तळ्यावर त्यांनी आजवर कोणाला विचारून काही केलं नव्हतं.

"सोडू का?" त्यांनी विचारलं.

"सोडा," सूनबाई म्हणाली.