दहा म्हणजे किती?

दिलनाझला लँडिंग शिकवून नुर्तासला काय मिळणार होतं? मी पुष्कळ आकडेमोड केली. वर्गात पहिला तोच, तेव्हा तिच्याकडून शिकण्यासारखं त्याला काही नव्हतं. चहासुद्धा ती कधी पाजत नव्हती. मग उरलं काय... तिच्या गालांवरच्या खळ्या. दोन. माझ्या गालांवर एकही नाही.

खरं तर त्याला आधी मी पाहिलं होतं. फेब्रुवारीत, अल्माटीतल्या आमच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्राच्या दारात. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्याशिवाय सिम्युलेटरच्या हॉलमध्ये शिरायचं नाही, असा नियम. खोक्यात शेवटच्या दोनच पिशव्या. एक त्याने घेतली, एक माझ्या हातात ठेवली.

"लंगडी येते?"

"तू घालणार असशील तर येते."

एकमेकांच्या खांद्याला धरून आम्ही अख्खा हॉल लंगडीने पार केला. त्या दिवसापासून माझं लँडिंग बिघडलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण ते आधीपासूनच बिघडलेलं होतं.

एवढं मोठं जेट, आणि दर वेळी धाडकन्! सिम्युलेटरचे लोखंडी पाय हादरायचे. आमच्याकडे विमान अलगद टेकलं की प्रवासी टाळ्या वाजवतात. सिम्युलेटरमध्येही मागच्या खुर्च्यांवर बसलेले सोबती ती रीत पाळतात. माझ्या वाट्याला अजून एकही टाळी आली नव्हती. शिकवायलाही कुणी पुढे येत नव्हतं. माझे आजोबा तीस वर्षं जुनी रशियन तुपोलेव विमानं उडवत होते ना! "कामशात म्हणजे पायलटाची नात. हिला काय शिकवायचं?"

दिलनाझला मात्र नुर्तास रोज संध्याकाळी शिकवत होता. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकायचे.

"नाकापुढे बघू नकोस. धावपट्टीच्या पार टोकाकडे बघ... आता हलकेच ओढ... बस्स. आता धरून ठेव नुसतं. वाट बघ..."

किती मऊ आवाज तो! विमान टेकलं. टाळ्या पडल्या. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले.

त्यात परीक्षा जोडीने होती. दोघांनी एकेकदा विमान उतरवायचं, गुण दोघांचे मिळून. भिंतीवर कागद लागला होता. प्रत्येकाच्या नावापुढे जोडीदाराची जागा रिकामी, आणि मुदत शुक्रवारची. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा असेल, तोच माझं नाव लिहिणार. नुर्तासच्या नावापुढची रिकामी जागा मी दिवसातून चारदा जाऊन बघत होते. भरली तर दिलनाझच्याच नावाने भरणार होती.

बुधवारी दहाचा तास माझा, त्याआधीचा नुर्तासचा. तो बाहेर यायचा, मी आत जायचे. खुर्ची अजून उबदार असायची. त्या बुधवारी तो बाहेर आलाच नाही. शेजारच्या खुर्चीत सरकला.

"जा ना. दिलनाझ वाट बघत असेल."

"बघू दे. वाट बघायला मीच शिकवलंय तिला."

"खळ्या असल्या की विमान मऊ उतरत असेल, नाही?"

"कुणाच्या खळ्या?"

"वेड पांघरू नकोस!"

तो हसला. "उतरव तू."

यंत्राचा आवाज उंची मोजू लागला. पन्नास... चाळीस... तीस... वीस... दहा — मी नाक उचललं. धाडकन्!

"दहापर्यंत थांबतेस कशाला?"

"आजोबांनी सांगितलंय. दहाला नाक उचललं की चाकांनासुद्धा कळत नाही कधी टेकलो ते."

तो गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "दहा काय, कामशात?"

"दहा म्हणजे दहा!"

"दहा मीटर, शहाणे! आजोबांच्या विमानात उंची मीटरमध्ये मोजायचे. हे यंत्र फुटांत बोलतंय. आजोबांचं दहा म्हणजे ह्याचं तीस!"

म्हणजे तीन महिने मी जमीन पायाखाली आल्यावर नाक उचलत होते... पुन्हा उतरवायला घेतलं. तीसला हलकेच ओढलं, इंजिनांचा जोर कमी केला, नजर पार टोकाला लावली आणि वाट बघितली.

"टेकलो का?"

"केव्हाच."

माझा हात इंजिनांच्या दांड्यावर होता, त्याचा माझ्या हातावर. तोही कधी टेकला, कळलं नव्हतं.

पण गुरुवारी संध्याकाळी तो पुन्हा दिलनाझशेजारी! शुक्रवारी चहाच्या टेबलावर मी तिला गाठलं.

"नाव लिहायचं असेल तर लिहून टाक एकदाचं. मला हे ताटकळणं नको."

"अगं बाई, बुधवारचा नऊचा तास माझा होता," ती म्हणाली. "तुझ्या आधीचा. तो त्याने मागून घेतला. मी म्हटलं, देते, पण महिनाभर लँडिंग शिकव. मला लँडिंग मिळालं, त्याला दारातली दोन मिनिटं. तो बाहेर येताना, तू आत जाताना. सांग, व्यवहार कुणाला फायद्याचा?"

ती हसली. त्या खळ्या मला पहिल्यांदाच गोड दिसल्या.

मी उठले, भिंतीपाशी गेले आणि नुर्तासच्या नावापुढे माझं नाव लिहिलं.

"विचारल्याशिवाय उतरलीस?" मागून आवाज आला.

"परवानगी कुणाकडे मागू?"

"मागायची कशाला... फेब्रुवारीपासून दिलेलीच आहे."

परीक्षेत मी विमान असं उतरवलं की मागच्या खुर्च्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग त्याची पाळी. चाळीस... तीस... वीस — आणि हा बघतोय कुठे? धाडकन्!

"पार टोकाकडे बघायचं असतं," मी कुजबुजले.

"ठाऊक आहे. जवळचंच जास्त बरं दिसत होतं."

काठावर पास झालो. आता जमेला काय काय पडलं ते बघा: दिलनाझला लँडिंग, मला टाळ्या आणि नुर्तास. किंमत एकट्या नुर्तासने मोजली. त्याचा पहिला नंबर गेला. त्याच्या त्या धाडकन् लँडिंगला मागे कुणीही टाळी वाजवली नाही.

मी वाजवली.