टाकीतला आवाज

"आई गं! कोपर गेलं माझं!"

विमानाच्या पंखातून हे शब्द आले आणि बाहेर बसलेल्या तिच्या हातातला टॉर्च पडता पडता राहिला. परक्या देशातल्या नोकरीचा तिचा पहिलाच आठवडा. विमानदुरुस्तीच्या त्या अवाढव्य शेडमध्ये कुणी तिच्याशी धड चार शब्द बोललं नव्हतं. परत जायचं ठरवून कालच तिने अर्धी बॅग भरली होती. आणि आज चक्क पंख मराठी बोलत होता!

पंखातली इंधनाची टाकी रिकामी करून, तिच्यात हवा खेळवून एक इंजिनिअर मास्क लावून आत सरपटत जातो. दुसऱ्याने तोंडाशी बसायचं आणि रेडिओवरून 'ठीक?' असं विचारत राहायचं. आतून उत्तर आलं नाही, की भोंगा वाजवायचा.

"फार लागलं का हो?" तिने विचारलं.

"अहो... तुम्ही मराठी?"

"आधी उत्तर द्या. नाहीतर भोंगा वाजवीन."

"ठीक आहे हो! आता तर फारच ठीक."

तो बाहेर आला तेव्हा केस विस्कटलेले, कपाळावर काळा डाग... तिला तो आवाजाइतकाच आवडला. अर्थात, हे ती कबूल थोडीच करणार होती!

दुसऱ्या दिवशी आत जायची पाळी तिची; तोंडाशी तो. अंधार, धड वळायलाही जागा नाही. ती अर्ध्यावरच थांबली.

"मला... नाही जमणार."

"एकोणतीसचा पाढा म्हणा बरं."

"काय?"

"म्हणा हो. मला तर कधीच आला नाही. तुम्हाला येतो का बघू."

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." पाढा संपेपर्यंत तिची भीती कुठल्या कुठे पळाली होती. त्या दिवसापासून तो झाला मास्तर आणि ती इंजिनिअरबाई.

मग काय, फोरमनही दोघांना जोडीनेच टाकीवर धाडू लागला. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, कळलंच नाही. संध्याकाळी बसथांब्यावर, एकाच छत्रीत उभं राहूनही तो विचारायचा, "ठीक?" तीही मान डोलवायची, "ठीक."

"आवाज खुललाय गं तुझा," आई फोनवर म्हणाली. "तिकडचं पाणी मानवलं वाटतं."

"पाणी कसलं गं आई..." म्हणता म्हणता तिने जीभ चावली.

आणि एक दिवस तो सहज म्हणाला, "माझा इथला करार संपतोय. हवा तर वाढवून देतील, पण दुसऱ्या देशातही बोलावणं आलंय."

"वा! अभिनंदन!" ती हसली खरी, पण हातातला स्वच्छ पाना उगाच पुसत राहिली. इतके दिवस हा 'ठीक?' विचारत होता तो कामाचा नियम म्हणून, की... पण विचारणार कोण?

त्या आठवड्यातली शेवटची टाकी. ती आत, तो बाहेर.

"ठीक?"

"ठीक."

"इंजिनिअरबाई... तिकडे हो की नाही, ते आजच कळवायचंय. तू राहा म्हणालीस तर राहतो. आणि राहिलो तर... लग्न करशील माझ्याशी?"

तिला बोलायचं होतं. पण ती अर्धी भरलेली बॅग आठवली, तो पाढा, ती छत्री... मास्कच्या आत डोळे घळाघळा वाहू लागले. शब्द फुटेना.

"अगं, ऐकतेयस ना? ए... ठीक आहेस ना?"

आणि भोंगा कडाडला!

अख्खी शेड धावत आली. फोरमनने तिला पाय धरून बाहेर ओढलं. मास्तर पांढराफटक पडला होता.

"नियम म्हणून वाजवलास?" मास्क काढत तिने विचारलं.

"नियम गेला खड्ड्यात! जीव गेला होता माझा."

"वेड्या, रडत होते मी! पहिल्याच आठवड्यात परत निघाले होते रे मी. तू मराठीत ओरडलास म्हणून राहिले. तुझ्या त्या कोपराचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"मग... मी राहू?"

"राहा."

"आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर?"

"आधी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखव."

काहीही न कळलेल्या त्या सगळ्या गर्दीसमोर मास्तर हात बांधून उभा राहिला आणि पाढा म्हणू लागला. पाचापर्यंत कसाबसा पोचला.

"एकोणतीस सक... सक..."

"एकशे चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "आणि हो."