शून्य घरटी

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. गेल्या वर्षीच्या जूनची बारा तारीख, गुरुवार, दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

जागा म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधलं वाळूचं लांबट बेट. घर नाही, धक्का नाही. वाळूच्या टेकड्या, मर्यादवेल, खेकडे. उन्हाळ्यात सुरय पक्षी तिथे उघड्या वाळूत खळगे करून अंडी घालतात.

माझ्या मामांनी बावीस वर्षं ती घरटी मोजली. मोजलेल्या घरट्याशेजारी एक शिंपला पालथा ठेवायचा, म्हणजे तेच पुन्हा मोजलं जात नाही.

मामा गेले. काम माझ्या ताईकडे आलं.

तिथे हॉटेल व्हायचं होतं; घरटी सापडली तर परवानगी अडली असती. म्हणून ताईच्या खात्यातल्या साहेबांनी मोजणी मुद्दाम पिल्लं उडून गेल्यावर लावली.

"शून्य लिहा मॅडम, आणि सही ठोका. पक्षी काय मोर्चा काढणारेत?"

ताईने होडीतच सही केली. बेटावर पाय ठेवण्याआधी. माझं डोकं आजही सणकतं.

नावाडीकाका होडीत थांबले. ताई शंभरेक पावलं गेली आणि...

लाटांचा आवाज बंद.

लाटा फुटताना दिसत होत्या. आवाज नव्हता.

मग मागून... टक्.

तिने वळून पाहिलं. वाळूत ताजा खळगा. शेजारी पालथा शिंपला. ओला.

टक्. आणखी एक.

पावलांचे ठसे फक्त तिचे.

"मामा?"

मग अगदी टाचेपाशी... टक्! इतक्या जोरात, की शिंपला फुटला.

ती धावत होडीत आली. कागद फाडला.

"अगं पोरी, सरकारी कागद आहे तो!"

"काका, आधी होडी काढा."

घरी मी विचारलं, "घाबरलीस?"

"मामांच्या हातून कधी एकही शिंपला फुटला नव्हता. चिडले होते रे. माझ्यावर."

साहेबांनी तीन दिवसांत दुसऱ्याची सही घेतली. तो गडी तर होडीतही चढला नव्हता. मी जाब विचारला. साहेब हसले. "भुताचा जबाब आणा."

आता तिथे खांब रोवलेत. यंदा सुरय आले, घिरट्या घालून निघून गेले.

परवा ताई एकटीच जाऊन आली.

"काय दिसलं?"

"मोजणी चालू आहे. ओले शिंपले, पालथे."

घरटी तर एकही नाही. मग तिथे काय मोजलं जातंय... हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.